पोतं सरेपर्यंत

मार्च अर्धा सरला की यवतमाळात दोन गोष्टी येतात: मोहाच्या फुलांचा वास आणि परीक्षेचं वेळापत्रक. त्यातली मोहाची फुलं वेळेवर येतात.

यंदा तिसरीही एक आली. मी जिथं मराठी शिकवते त्या महाविद्यालयात ‘शून्य खर्चाचं स्वयंपाकघर’ या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. भलामोठा फलक लागला. फलकावरच्या चित्रातलं स्वयंपाकघर आपल्याकडचं नव्हतं, कारण त्याच्या खिडकीतून बर्फ दिसत होता. नागपूरहून तज्ज्ञ आले होते. समईच्या पाच वातींना पाच मान्यवर लागले आणि पंखा सुरू असल्यामुळे अकरा काड्या लागल्या. शाल झाली, नारळ झाला, पुष्पगुच्छ झाला. मग तज्ज्ञांनी पडद्यावर सांगितलं की बाजारात जाण्याआधी घरात काय आहे ते बघावं. जे आधी आणलं ते आधी शिजवावं. उरलेल्या अन्नाला ‘उरलेलं’ म्हणू नये, ‘पुढचं’ म्हणावं. मुलींनी हे लिहून घेतलं. दुपारी जेवायला पनीरची भाजी, पुऱ्या आणि दोन गोड पदार्थ होते. त्यातलं जे उरलं त्याला कोणी ‘पुढचं’ म्हटलं नाही, ते मागच्या फाटकाजवळच्या ड्रममध्ये गेलं. आभार मी मानले. आभार मानण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. मी लवकर संपवते, एवढी एकच माझी ख्याती.

त्याआधी प्रश्नोत्तरं झाली होती. शेवटच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, घरात हाये तेच शिजवायचं, हे समजलं. पन ते कोन्त्या तारखेपरेंत पुरवायचं हे बी ठरलेलं असन, तं?”

हॉल हसला. तज्ज्ञ “छान प्रश्न” म्हणाले आणि पुढचं चित्र लागलं. त्यात काचेच्या बरण्यांवर चिठ्ठ्या कशा लावाव्यात ते होतं.

मी मात्र त्या प्रश्नापाशीच राहिले. त्याचं उत्तर ज्या मुलीला येत होतं तिच्यासोबत मी एक उन्हाळा काढला आहे.

तिचं नाव जमुना. उमरखेडकडच्या एका तांड्यावरून ती यवतमाळला शिकायला आली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी वणीकडची, कापूस-तुरीच्या घरातली. खोली म्हणजे काकूंच्या, म्हणजे आमच्या घरमालकिणीच्या, घराला मागच्या बाजूनं चिकटवलेली टिनाची पडवी. मार्चपासून दुपारी तिच्यात बसलं की आपण आत आहोत की तव्यावर, असा प्रश्न पडे. एका कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह, दुसऱ्यात दोन ट्रंका, आणि भिंतीला टेकून दोन पोती. एक माझं, एक तिचं.

तेव्हा खोली करून राहणाऱ्या सगळ्यांचंच धान्य घरून येई. एसटीच्या टपावर पोती चढत, त्यांच्यावर कोळशानं नावं लिहिलेली असत. बसस्टँडवर उतरलं की कोणाचं पोतं कोणत्या गावचं हे न वाचताही कळे. वणीकडच्या पोत्यावर खाणीतल्या कोळशाची बारीक पूड बसलेली, दक्षिणेकडच्या पोत्यांना हळदीचा वास. माझं पोतं सरत आलं की मी एक कार्ड टाकायची आणि आठ दिवसांत दुसरं यायचं. पोतं सरतं, ही माझ्यासाठी तेव्हा बातमीच नव्हती.

जमुनाचं तसं नव्हतं. त्या वर्षी त्यांच्याकडं ऐन कापणीत पाऊस झाला आणि उभी ज्वारी काळी पडली. संक्रांत झाल्यावर तिचे वडील पोतं घेऊन आले. उंच, काटक माणूस. डोक्याला लाल फेटा. पोतं खांद्यावरून उतरवून त्यांनी भिंतीला नीट टेकवलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “घरात होते त्याच्यातले तुह्यावाले दाने हे. हे हायेत तवरिक शीक. सरले का घरी ये. मागून पाठोवतीन म्हनून वाट पाहू नको.”

आवाजात राग नव्हता. मापारी माप सांगतो तसं त्यांनी सांगितलं. घरी सहा तोंडं होती, त्यांचेही दाणे असेच ठरले असतील. जमुनानं मान हलवली आणि विषय संपला. मी मनातल्या मनात हसले होते. आमच्याकडं माझे वडील आठवड्यातून एकदा कुणाला ना कुणाला घराबाहेर काढत आणि संध्याकाळी त्यालाच जेवायला हाक मारत. मला वाटलं, बाप लोकांची ही बोलायची रीत असते.

जमुनाला मात्र तसं वाटलं नव्हतं. ते गेल्यावर तिनं स्टीलचा एक ग्लास घेतला, पोत्याचं तोंड सोडलं आणि बोटांवर काहीतरी मोजत बसली. रोज दोन ग्लास. शेवटच्या पेपरच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरून वर दोन-तीन दिवसांचे उरतील असं तिचं गणित निघालं. तिनं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं आणि समाधानानं म्हणाली, “बसते.”

मग परीक्षा पुढे गेली.

सूचनाफलकावर ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढंच लिहिलं होतं. कारणं अपरिहार्य असली की ती सांगायची नसतात, असा काहीतरी नियम असावा. एकोणीस दिवस पुढे. फलकासमोरच्या गर्दीनं आरोळ्या ठोकल्या, कारण अभ्यास कोणाचाच झाला नव्हता. जमुनाचा झाला होता. ती फलकाकडं पाहत उभी होती, आणि तिची बोटं पुन्हा मोजायला लागली होती. या वेळी ती “बसते” म्हणाली नाही.

“घरी जाऊन घेऊन ये ना अजून,” मी खोलीवर आल्यावर म्हटलं.

“तुले काय वाटते, दाने कोठीत माही वाट पाहून राह्यले? अन् गेली तं परत येनं नाही व. वहिनी पोटूशी हाय. याडीचे गुडघे गेले. दोन हात घरात आले तं कोन सोडन? बापानं सोडलं तं बी माहाच पाय निघनार नाही.” याडी म्हणजे आई, बाकी सगळं ती आमच्या बोलीत बोलायची, हा एक शब्द सोडून.

“मंग माह्या पोत्यातली घे.”

“तुह्या पोत्यातली खाल्ली तं माहं सरलंच ना. मंग इथं बसून मी बापाशी खोटं बोलून राह्यली, असं होते.”

“बापाले काय दिसते इथं?”

“मले दिसते ना.”

असा तो उन्हाळा सुरू झाला. बाजारातून काहीही आणायचं नाही, जे खोलीत आहे त्यावर शेवटच्या पेपरपर्यंत जायचं. माझ्यावर सक्ती नव्हती, पण मला एकटीला बटाटे आणून खायची लाज वाटली. लाजेनं माणूस जेवढा काटकसरी होतो तेवढा उपदेशानं होत नाही.

आणि काय काय निघालं त्या खोलीत! जमुनाच्या ट्रंकेत कपड्यांखाली एक पिशवी होती, तिच्यात वांग्याच्या खुला. वांग्याचे काप करून कडक वाळवतात त्या. माझ्याकडं आईनं दिलेल्या मुंगवड्या होत्या, हरभऱ्याची वाळलेली भाजी होती, जवसाची चटणी होती आणि तुरीच्या डाळीची चुनी होती, जी आई खरं तर गोठ्यासाठी ठेवते आणि चुकून माझ्या पिशवीत आली होती. जमुना म्हणाली, “म्हशीले चालते तं मले काहून नाही?” चुनी भिजवून, वाटून, त्यात ठेचा घालून तिनं वाफवलेले गोळे केले. ते खाताना मला म्हशींचा हेवा वाटला.

ज्वारीची भाकरी ही चैन आहे, हे मला तिथं कळलं. भाकरीला दाणे जास्त लागतात आणि ती लवकर जिरते. त्यापेक्षा काकूंच्या जात्यावर ज्वारी भरडून कण्या करायच्या, रात्रभर भिजवायच्या म्हणजे रॉकेलही कमी लागतं, आणि सकाळी त्यात एक उकळी काढायची. कण्यांचा तो वास, थोडासा आंबूस, ओल्या मातीच्या भिंतीसारखा, माझ्या नाकात अजून आहे. एक दिवस कण्या, एक दिवस पातळ आंबील. हरभऱ्याच्या वाळल्या भाजीत मूठभर पीठ लावलं की ती पोटभरीची होते. खुला तेलाशिवाय नुसत्या भाजून, कुटून, मीठ-तिखट लावून. भाकरी रविवारी. रविवारची भाकरी थापताना जमुना गप्प असायची. भाकरी तव्यावर फुगली की तिचा चेहराही थोडा फुगे.

अंगणात काकूंचं मुंगण्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं, शेंगांनी लगडलेलं. काकू नियमाच्या बाई. भाडेकरूंनी झाडाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. “झाडावर हायेत तवरिक माह्या. खाली पडल्या तं पडल्या, त्याच्याशी माहं काही नाही,” असं त्यांनी खोली देतानाच सांगितलं होतं. परीक्षा पुढे गेल्यावर चार दिवसांनी काकू सकाळी हातात लांब काठी घेऊन अंगणात आल्या आणि झाड झोडपायला लागल्या.

“काय झालं काकू?” मी विचारलं.

“खारी लय झाल्या बाई. हाकलून राह्यली.”

एकही खार दिसत नव्हती. शेंगा मात्र दहा-बारा पडल्या. काकू त्यांच्याकडं न बघता आत निघून गेल्या. पुढचे पंधरा दिवस त्या झाडाला खारींचा फार त्रास झाला. जमुना पडलेल्या शेंगा गोळा करताना आतल्या दाराकडं पाहून मोठ्यानं म्हणायची, “पडल्या तं पडल्या!” आणि आतून उत्तर यायचं, “मले काय सांगतं?”

मी आता कधी बाजारातून शेवग्याच्या शेंगा आणते. सारख्या लांबीच्या, रबर लावलेल्या. त्यांना चव असते. पण त्या पडलेल्या नसतात.

माझा गुन्हा याच दिवसांतला. जमुना पाणी भरायला नळावर गेली की मी माझ्या पोत्यातली दोन मुठी ज्वारी तिच्या पोत्यात टाकायची. तिचं पोतं बसत चाललं होतं आणि तिची गालफडंही. मला वाटलं, ज्वारीत ज्वारी, कोणाला कळतं? पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असं वाटू शकतं. पाच-सहा दिवस मी हे केलं आणि स्वतःवर खूश होते. परोपकार गुपचूप केला की माणूस त्याचं कौतुकही गुपचूप करत बसतो.

एका दुपारी मी वाचनालयातून आले तर जमुना पडवीच्या सावलीत सूप घेऊन बसली होती. पोतं समोर ओतलेलं. आमची ज्वारी पावसाआधी घरात आली होती, पांढरी, टपोरी. तिची बारीक, प्रत्येक दाण्याच्या टोकाला पावसाचा काळा ठिपका. ती एकेक दाणा निवडत होती. पांढरे एका पातेल्यात, ठिपक्याचे पोत्यात. पातेलं अर्धं भरलं होतं.

“जमुना...”

“बोलू नको. चुकते माहं.”

मी उभी राहिले. उन्हाचा कवडसा तिच्या सुपावरून पायावर आला तरी ती निवडत होती. शेवटी तिनं पातेलं माझ्यापुढं सरकवलं.

“हे तुहे. मले आंधळी समजली का तू? माह्या बापाच्या वावरातला दाना मी डोये झाकून वळखते.”

“तुले पुरावं म्हनून केलं व. चोरी नाही केली.”

“घेतलं तं चोरी होते, अन् न सांगता देल्लं तं काय होते?” ती म्हणाली. “आमचे आजे-पंजे बैलाईवर मीठ लादून हिंडत. दाने घेत, मीठ देत. फुकट कोनाले देल्लं नाही, फुकट कोनाचं घेतलं नाही. तू मले न सांगता भिकारीन करून टाकली. तेबी दोन-दोन मुठीनं.”

मला रडू आलं, त्याचा उपयोग झाला नाही. ती उठली, सूप झटकलं, आणि त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा वेगवेगळं शिजवलं. एका स्टोव्हवर, आधी तिनं, मग मी. एकाच खोलीत दोन माणसांनी वेगळं शिजवलं की त्या खोलीत चार माणसं राहतात असं वाटतं.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मी अर्थशास्त्राचं पुस्तक तिच्यापुढं आदळलं. शेवटचा पेपर अर्थशास्त्राचा होता आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. जमुनाला सगळं कळत होतं.

“हे शिकव मले,” मी म्हटलं. “फुकट नाही. रोज एक ग्लास.”

ती माझ्याकडं पाहत राहिली. मी मनात कौतुक करून घेत नव्हते, मला खरंच नापास व्हायची भीती होती. ते तिला दिसलं असावं.

“भरून?” तिनं विचारलं.

“भरून.”

“वर शीग लावून?”

“शीग लावून.”

“अन् समजलं नाही तं मले बोल लावशीन का?”

“नाही.”

“मंग उघड पुस्तक.”

ती शिकवायला लागली की तिचा आवाज बदलायचा. समोर साठ मुलं बसली आहेत असा. घटत्या उपयोगितेचा नियम तिनं मला कण्यांच्या पातेल्यावर समजावला. पुस्तकात लिहिलं होतं की पहिल्या भाकरीपेक्षा दुसरीची उपयोगिता कमी आणि तिसरीची त्याहून कमी. जमुना म्हणाली, “हे लिहिनाराले तिसरी भाकर भेटत होती म्हनून सुचलं. पेपरात मात्र पुस्तकातलंच लिहिजो.” धडा संपला की ती ग्लास पुढं करायची. मी माझ्या पोत्यातून शीग लावून भरायची. ती ते दाणे तिच्या पोत्यात टाकायची नाही, वेगळ्या डब्यात ठेवायची. बापाचे दाणे वेगळे, कमाईचे वेगळे. रोज अर्धे पोत्यातले, अर्धे डब्यातले, असं ती शिजवायची. तिचं पोतं आता निम्म्या वेगानं खाली जाऊ लागलं.

मी नंतर पुष्कळ शिक्षक पाहिले, मी स्वतः एक आहे. शिकवल्यानंतर आपण जे दिलं त्याची किंमत भरून घेतली असं इतक्या स्वच्छ चेहऱ्यानं म्हणू शकणारं कोणी पाहिलं नाही.

कधी कधी मी स्वयंपाकघरात उभी राहते. माझ्याकडं आता काचेच्या बरण्या आहेत, त्यांच्यावर चिठ्ठ्याही आहेत. फ्रिज उघडला की आतून थंड हवा आणि आठवड्याभराच्या भाज्या बाहेर बघतात. मुलगा पुण्याहून सांगतो, “आई, कायले साठवून ठेवतेस? सगळं मिळतं.” खरंच मिळतं. मी एप्रिलमध्ये एखाद्या सकाळी कण्या करते. मिठाचं प्रमाण तेच, भिजवायचा वेळ तोच. ज्वारी मात्र पांढरीशुभ्र. काळ्या ठिपक्याची ज्वारी दुकानदार ठेवत नाही, म्हणतो, “मॅडम, ते खराब माल हाय.” तो आंबूस वास येतो आणि दोन घासांनंतर नुसता वास उरतो. मग कळतं की मला ज्वारीची आठवण येत नाही. पलीकडून कोणीतरी “बरोब्बर अर्धं घेतलं ना व?” म्हणून माझ्या ताटात डोकावावं, याची येते.

जमुनाची त्यानंतर दोन पत्रं आली. पहिल्यात वहिनीला मुलगी झाल्याचं होतं. दुसरं तिच्या लग्नानंतरचं, आदिलाबादकडून. त्यात पत्ता लिहायचा राहिला होता. मी शिक्क्यावरून गाव वाचायचा प्रयत्न केला, शाई फिकट होती. निकाल लागला तेव्हा ती इथं नव्हती. फलकावर तिचं नाव वरून चौथं होतं. तिला ते कोणी सांगितलं का, मला माहीत नाही. मी अर्थशास्त्रात पास झाले. मोबाइलवर तिचं नाव टाकलं की त्या नावाच्या इतक्या बायका निघतात, सगळ्या कुणाच्या तरी लग्नात नटलेल्या. मी एकेकीचा चेहरा मोठा करून पाहते. तिशीनंतर माणसाचा चेहरा कुठल्या बाजूनं बदलतो हे ठाऊक नसल्यामुळे कोणालाच निश्चित ‘नाही’ म्हणता येत नाही. ती शिक्षिका झाली असेल का, हा प्रश्न मी फार वेळ हातात धरत नाही.

तर तो शेवटचा पेपर.

आदल्या संध्याकाळी दोन्ही पोती संपली. माझंही, कारण मी कार्ड टाकलं तेव्हा घरी चुलत बहिणीचं लग्न होतं आणि लग्नघरात कार्ड कोण वाचतं? कमाईचा डबा आधीच रिकामा झाला होता. जमुनानं तिच्या पोत्यातला शेवटचा ग्लास काढला, तो पुरता भरला नाही. आम्ही त्याच्या कण्या केल्या आणि वाटून खाल्ल्या. ती म्हणाली, “पोचलो व.” एक रात्र आणि अर्धा दिवस, एवढंच काढायचं होतं. उपाशी पोटी पेपर लिहिता येतो, त्यात काही विशेष नाही.

सकाळी नऊला काकूंनी हाक मारली, “जमुने, तुहे वडील आले.”

उमरखेडची पहिली बस धरून ते आले होते. फेट्याला धूळ होती. दारात उभे राहून ते आधी जमुनाशी त्यांच्या बोलीत भराभर बोलले. मला एवढंच कळलं की वहिनीला दवाखान्यात नेलं आहे आणि घरी कोणी नाही. मग त्यांची नजर कोपऱ्याकडं गेली. माझ्यादेखत म्हणून असेल, ते आमच्या बोलीत म्हणाले, “हे पोतं तं मागंच सराले पाह्यजे होतं. मी रोज वाट पाहून राह्यलो, आज येईन, उद्या येईन. दाने सरले का?”

जमुनाच्या अंगावर पेपरला जायची साडी होती, हातात पट्टी आणि दोन पेनं. अकराला पेपर होता. उमरखेडची बसही अकराचीच.

खोटं बोलायला फार काही लागलं नसतं. पोत्याचं तोंड बांधलेलं होतं.

“सरले,” ती म्हणाली. “काल सांजी.”

“काका, आज शेवटचा पेपर हाये तिचा,” मी म्हटलं. “तीन घंटे फक्त. तीनच्या बसनं...”

त्यांनी हात वर केला, तेव्हा मी थांबले. ते कोपऱ्यात गेले, उकिडवे बसले आणि पोत्याचं तोंड सोडलं. आत पाहिलं. मग पोतं उलटं केलं आणि झटकलं. भुसा उडाला, बाकी काही नाही. जमुना भिंतीकडं पाहत होती. तिनं पेनं ट्रंकेवर ठेवली होती.

ते उठले नाहीत. त्यांनी पोत्याची आतली बाजू बाहेर काढली आणि खालची शिवण दोन्ही हातांत धरून अंगठ्याच्या नखानं उकरायला लागले. सुतळीच्या टाक्यात दाणे अडकतात. त्यांनी एक काढला, फुंकर मारली, तळहातावर ठेवला. दुसरा काढला. त्यांना घाई नव्हती. बाहेर काकू काठी घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी झाडाला हातही लावला नाही. शिवणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्यावर त्यांच्या हातावर पाच-सहा दाणे होते, ठिपक्याचे.

“हे काय हायेत?” त्यांनी जमुनाला विचारलं.

तिनं भिंतीवरून नजर काढून त्यांच्या तळहाताकडं पाहिलं.

“सरले कुठी? काहून खोटं बोलतं?” ते म्हणाले, आणि दाणे तिच्या हातावर ठेवले. “जाय पेपरले.”

मग ते पोतं घडी करून त्यावर पडवीत बसले आणि काकूंना म्हणाले, “बाई, पानी भेटन का प्याले?”

पेपर अकराला सुरू झाला. जमुना माझ्या पुढच्या बाकावर होती. उजव्या हातानं लिहीत होती आणि डावी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली. पहिल्या तासात पर्यवेक्षकांचं तिच्याकडं लक्ष गेलं. ते तिच्यामागून एकदा गेले, दोनदा गेले. एवढ्या वर्षांचा त्यांचा अनुभव होता. मिटलेल्या मुठीत काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्यांदा ते थांबले.

“मूठ उघड.”

तिनं उघडली.

“हे काय?”

“ज्वारी हाय, सर.”

त्यांनी दाणे उचलून स्वतःच्या तळहातावर घेतले, चष्मा वर केला आणि त्यांच्यावर काही लिहिलं आहे का ते एकेक फिरवून पाहिलं. मग परत तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “लिही.”